फ्रेमसेट वेगळा, आयफ्रेम वेगळा: वाटण्या अन् देवळी

भाच्याकडं नांदेडातल्या एका कॉलेजची जुनी साईट सांभाळायला आलीय, परवा फोन करून म्हणतो, "मामा, डावीकडं मेनू अन् उजवीकडं मजकूर असं पान आहे, कोडमधे आयफ्रेम शोधायलोय तर एक बी सापडंना." सापडणार कसा, तिथं आयफ्रेम नव्हताच, फ्रेमसेट होता. दोन्ही एचटीएमएलातल्या (वेबपान लिहायच्या भाषेतल्या), एका पानात दुसरी पानं दाखवायच्या पद्धती, अन् नावात फ्रेम आहे म्हणून लई जण दोन्ही एकच समजतात.

फ्रेमसेट म्हणजे वाटण्या झालेलं शेत. सातबारा बापाच्या नावावर, पण जमीन सगळी भावाभावांत वाटलेली, मधे धुरे, अन् बापाला कसायला एक गुंठा उरलेला नाही. फ्रेमसेटच्या फाईलीला बॉडीच (मजकुराचा भाग) नसते, कुठला तुकडा, म्हणजे फ्रेम, किती रुंद अन् त्यात कुठली फाईल उघडायची एवढंच लिहिलेलं. आयफ्रेम म्हणजे माळवदाच्या भिंतीतली देवळी, घर आहे तसंच राहतं, फक्त एका जागी चौकोन करून त्यात दुसरं पान ठेवायचं.

म्हणून दोन तुकड्यांच्या फ्रेमसेटला फाईली तीन लागतात, अन् घोळ इथंच होतो. मी शिकत होतो तेव्हा परभणीच्या मोंढ्यातल्या काकाच्या आडतीसाठी ड्रीमवीव्हरात (वेबपानं बनवायचं सॉफ्टवेअर) पान केलं होतं, डावीकडं १८० पिक्सेलची पट्टी, त्यात सोयाबीन, तूर, हरभरा, करडई अशा लिंका, उजवीकडं भाव. सोयाबीनवर क्लिक केलं तर भावाचा अख्खा तक्ता त्या डाव्या पट्टीतच उघडला अन् मेनू गायब! कारण लिंकेला टार्गेट, म्हणजे ती कुठल्या फ्रेमात उघडायची ते, दिलंच नव्हतं, अन् टार्गेट नसलं की लिंक जिथं आहे त्याच फ्रेमात उघडते. उजव्या फ्रेमला आधी नाव द्यायचं (मी 'भाव' दिलं, पण रोमन अक्षरांत), मग प्रत्येक लिंकेच्या टार्गेटात तेच नाव. बाहेरची साईट असली तर टार्गेटात अंडरस्कोअर टॉप (_top, म्हणजे अख्ख्या खिडकीत उघड), नाहीतर ती बी आपल्या तुकड्यात घुसून बसते.

सेव्ह करताना तर अजून मजा, कर्सर ज्या फ्रेमात असंल तीच फाईल कंट्रोल एसनं सेव्ह होते, फ्रेमसेट राहूनच जातो. सेव्ह ऑल करायचं, अन् कुठल्या फाईलीचं नाव विचारायलंय ते बघूनच टाकायचं. मी एकदा फ्रेमसेटला मेनूच्याच फाईलीचं नाव देऊन वर ओके दाबलं होतं. तेव्हाच्या ड्रीमवीव्हरात फ्रेम निवडायची तर ऑल्ट धरून त्यात क्लिक, किंवा शिफ्ट एफ२ नं फ्रेम्सचं पॅनल उघडायचं. अन् प्रत्येक फाईलीत युटीएफ-८ (अक्षरं कशी वाचायची ते ब्राऊजरला सांगणारं एन्कोडिंग) वेगळं लिहा, नाहीतर उजवीकडं मराठी नीट अन् डावीकडं नुसती चित्रविचित्र चिन्हं.

आयफ्रेमात ही कटकट नाही, एक टॅग, उंची, रुंदी, पत्ता, झालं. गुगल मॅपचा एम्बेड कोड घेतला की ६०० बाय ४५० चा आयफ्रेमच येतो, मोबाईलवर तो पानाबाहेर जातो म्हणून रुंदी १०० टक्के करायची. तुमच्या पानाची सीएसएस (रंगरूप ठरवणारे नियम) आतल्या पानाला लागत नाही, त्यात डोकं घालू नका.

दोघं तसे एकाच काळातले, फ्रेमसेट नेटस्केप २ मधून अन् आयफ्रेम इंटरनेट एक्सप्लोरर ३ मधून (दोन्ही जुने ब्राऊजर), दोन्ही १९९६ चे. २०१४ च्या एचटीएमएल५ नं मात्र फ्रेमसेट काढून टाकला अन् आयफ्रेम ठेवला. ब्राऊजर अजून जुने फ्रेमसेट दाखवतात, तरी माझं मत विचाराल तर नवीन पानासाठी फ्रेमसेटला हात बी लावू नका, कारण आत कुठं बी फिरा, वरचा पत्ता तोच राहतो, बुकमार्क केला तर पहिलंच पान येतं, अन् सर्चमधून आलेला माणूस नेमका मेनू नसलेल्या तुकड्यात येऊन पडतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न, "मग निकालाची साईट आयफ्रेमात टाकू का? टाकली तर कोरा चौकोन दिसायलाय." ते त्या साईटवाल्यांनी एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हेडर (आमचं पान दुसऱ्याच्या फ्रेमात दाखवू नको अशी ब्राऊजरला सूचना) लावून बंद केलं असंल. ब्राऊजरचा कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) उघडून बघ म्हणलं, तिथं तसंच लिहिलेलं निघालं. आता त्या जागी त्यानं साधी लिंक दिलीय, नव्या टॅबात उघडणारी.