चिमटीत मावणारी पेशी

"सर, पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते का जी?" नववीत हा प्रश्न दरवर्षी येतो. पूर्वी मी कांद्याची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचो. आता विचारणाऱ्यालाच म्हणतो, बाहीला चिकटलेला कापूस काढ. वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गात तो कोणाच्या ना कोणाच्या अंगावर असतोच. त्यातला एकच तंतू ओढून काढ. झालं, ही एक पेशी.

पुस्तकात पेशी चौकोनी डबीसारखी काढलेली असते. ही तशी नाही. सरकीच्या सालीवरची ही पेशी साधारण २८ मिलिमीटर लांब असते, आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. तीच मोटेच्या नाड्याएवढी, दोन सेंटिमीटर जाड केली तर लांबी शंभर फुटांच्या आसपास जाईल.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. (देशी वाणाचं पिवळं, इथे अमेरिकन कापसाचं बोलतोय.) त्या पांढऱ्या दिवशीच आत बीजांडाच्या, म्हणजे होऊ घातलेल्या सरकीच्या, सालीवर चारातली एखादी पेशी फुगून वर येते आणि पुढचे तीनेक आठवडे नुसती लांबत राहते. तिला ताणतं ते पाणी. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची पिशवी असते. नाव फसवं आहे, ती रिकामी मुळीच नसते. पोटॅशियम, मॅलिक आम्लाचे क्षार आणि साखर तिच्यात साठते. मग परासरणाने बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पातळ भित्तिका, म्हणजे पेशीची भिंत, आतून रेटली जाते, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तशी. वीस दिवसांचं हिरवं बोंड चिरून पाहा: आत ताडगोळ्यासारख्या ओल्या, चकचकीत फाका असतात. कापूस म्हणावं असं त्यात काहीच दिसत नाही.

मग लांबणं थांबत येतं आणि भरणं सुरू होतं. भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यात, प्रद्रव्यपटलात, विकरांचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) पुंजके बसलेले असतात, सहा पाकळ्यांच्या फुलासारखे. पानातून आलेल्या साखरेतलं ग्लुकोज घेऊन ते एकाला एक जोडत सेल्युलोजच्या साखळ्या विणतात आणि भित्तिकेवर आतून थरावर थर चढतो. गार रात्री हे काम मंदावतं, दिवसा वेग घेतं, म्हणून तंतूच्या आडव्या छेदात झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात.

इथे एक पोरगा हमखास अडवतो. ग्लुकोजच आहे तर कापूस गोड का लागत नाही, आणि खाल्ला तर पचेल का? ज्वारीच्या भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजच्याच साखळीचा. फरक फक्त जोडणीचा. सेल्युलोजमध्ये दर दुसरा ग्लुकोज उलटा फिरवून बसवलेला असतो, त्यामुळे साखळ्या सरळ राहतात आणि एकमेकींना घट्ट बिलगतात. भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोडसर लागतो, कारण लाळेतलं विकर स्टार्चची जोडणी तोडतं. सेल्युलोजची जोडणी तोडणारं विकर आपल्याकडे नाहीच. बकरी दोरीवरचा दुपट्टा चघळते त्याचं काय? तिच्याकडेही ते विकर नाही. तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे.

कोरडवाहू शेतात याचा हिशेब थेट भावात उतरतो. लांबण्याच्या आठवड्यांत पावसाने दडी मारली तर रिक्तिकेत दाब राहत नाही, धागा आखूड पडतो. भरण्याच्या दिवसांत ताण पडला किंवा थंडी लवकर आली तर धागा लांब असूनही आतून पोकळ राहतो. जिनिंगवर, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करतात तिथे, 'मायक्रोनेअर' नावाचा आकडा काढतात. तंतूंच्या पुंजक्यातून हवा किती सहज जाते यावरून तो ठरतो, आणि भित्तिका भरली नसेल तर खाली येतो. असा धागा रंगही नीट धरत नाही.

सुमारे पन्नास दिवसांनी बोंड फुटतं. पाणी उडून जातं, केंद्रक, तंतुकणिका सगळं वाळतं आणि पेशी मरते. मागे राहते ती भित्तिका, नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात पाहिल्या त्याही अशाच मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. आपली गोल नळी मात्र वाळताना चपटी होऊन पिळे खाते. भिंगातून ते पिळे दिसतात. ते पिळे एकमेकांत अडकतात, म्हणून दोन बोटांत वळलेली वात सुटत नाही.