ऑडिओ सीडी : ध्वनीची अंकीय साठवण आणि पुनर्निर्मिती

ऑडिओ सीडी ही ध्वनी अंकांच्या रूपात साठवणारी, १२० मिलिमीटर व्यासाची तबकडी होय. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी तिचे मानक १९८० मध्ये निश्चित केले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. मायक्रोफोनकडून येणारा विद्युत संकेत सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. नमुन्यासाठी वापरलेल्या १६ बिटांमुळे, म्हणजे शून्य किंवा एक अशा १६ अंकांमुळे, उपलब्ध होणाऱ्या ६५,५३६ पातळ्यांपैकी जी सर्वांत जवळची, ती त्या नमुन्याची किंमत म्हणून नोंदवली जाते. ४४,१०० हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सुरुवातीला अंकीय ध्वनी त्या टेपवरच साठवत असत, आणि एका रेषेत ३ नमुने, एका क्षेत्रात (व्हिडिओच्या एका चित्राच्या अर्ध्या भागात) २४५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार नेमका तेवढा होतो.

दोन नमुन्यांच्या मधला ध्वनी हरवतो, हा समज फार पसरलेला असला तरी चुकीचा आहे. संकेतातील सर्वोच्च कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) नमुनादराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या नमुन्यांमधून जाणारी तशी वक्ररेषा एकच असते आणि ती पूर्णपणे परत मिळवता येते, असे नमुनाकरणाचे प्रमेय सांगते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, त्यामुळे ४४,१०० हा दर पुरतो. मात्र ध्वनिमुद्रणाच्या वेळी नमुनादराच्या निम्म्यावरच्या कंप्रता आधी गाळून टाकाव्या लागतात, नाहीतर त्या खालच्या पट्टीत खोटे स्वर होऊन उतरतात. वाजवतानाही शेवटी असाच गाळक असतो. तो नमुन्यांपासून सलग लहर घडवतो, म्हणून पायऱ्यापायऱ्यांची जी आकृती सर्रास छापली जाते, तशी लहर स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

खरी चूक राहते ती किमती जवळच्या पातळीवर नेण्यात. तानपुऱ्याची आस विरत जाते तेव्हा संकेत शेवटच्या एकदोन पातळ्यांपुरता उरतो, आणि नुसते पूर्णांकन केले तर तो सूर खरखरीत होऊन मध्येच तुटतो. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो, पण अतिशय सुंदर आहे : पूर्णांकनापूर्वी अत्यंत सौम्य, यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळतात. त्यामुळे चुकीचा स्वराशी असलेला संबंध तुटतो आणि सर्वांत लहान पातळीपेक्षाही क्षीण सूर त्या सौम्य सळसळीत ऐकू येत राहतो.

तबकडीवर हे अंक १.६ मायक्रोमीटर अंतराच्या सर्पिल मार्गावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असतात. खळग्याची कड म्हणजे एक आणि सपाट भाग म्हणजे शून्य. नमुने ओळीने न लिहिता लांबवर विखरून लिहिलेले असतात व त्यांना रीड–सॉलोमन पद्धतीचे तपासणी-अंक जोडलेले असतात. त्यामुळे मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी त्यातील प्रत्येक अंक पुन्हा जसाच्या तसा मिळतो. त्याहून मोठी हानी झाल्यास शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधला जातो. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी ती याचसाठी. गोल पुसताना ओरखडा पडला, तर तो मार्गाच्या बाजूने धावतो आणि सलग अंक बुजवतो.

टेपचा वेग मंदावला की गायकाचा षड्जच उतरत असे. सीडीत तसे होत नाही. वाचलेले अंक आधी एका छोट्या स्मृतीत साचतात आणि स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर तेथून बाहेर पडतात, त्यामुळे मोटरची डगमग स्वरापर्यंत पोचत नाही.

संगणकावर नक्कल करताना अडचण निराळी असते. माहिती साठवण्याच्या सीडी-रॉममध्ये प्रत्येक खंडाला अचूक पत्ता व दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, ऑडिओ सीडीत तो नसतो. म्हणून काळजीपूर्वक नक्कल करणारी सॉफ्टवेअर तोच भाग पुनःपुन्हा वाचून उत्तरे जुळतात का ते पाहतात. अशी नक्कल फ्लॅक या फाइल-स्वरूपात ठेवल्यास जागा कमी लागूनही प्रत्येक बिट टिकतो. एमपी३ मात्र कानाला जाणवणार नाही असा भाग कायमचा वगळते आणि तो नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.