मेहनती मुलगी, हुशार मुलगा

शिफारसपत्रात सहसा कोणी कोणाची निंदा करत नाही. त्यामुळे भेदभाव शोधायचा तर कोणाचं कौतुक कशासाठी झालंय, ते बघावं लागतं.

ट्रिक्स आणि सेन्का या संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्राध्यापकपदासाठी आलेली ३०० हून अधिक पत्रं तपासली. निष्कर्ष २००३ साली छापून आले. उमेदवार सगळे निवड झालेलेच. तरी स्त्रियांबद्दलची पत्रं आखूड होती, आणि शंकेची पाल चुकचुकेल असं एखादं तरी वाक्य त्यांतल्या २४ टक्के पत्रांत सापडलं. पुरुषांच्या पत्रांत १२ टक्के. त्याच्या बाबतीत संशोधनाचा उल्लेख जास्त, तिच्या बाबतीत शिकवण्याचा. २०१६ मध्ये भूविज्ञानातली, ५४ देशांतून आलेली १,२२४ पत्रं तपासली गेली. ‘उत्कृष्ट’ म्हणावं असं पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांच्या वाट्याला पुरुषांच्या निम्मीच आली. पत्र बाईंनी लिहिलेलं असो की सरांनी, फरक तोच.

सगळीकडे चित्र इतकं ठळक नाही, हेही सांगायला हवं. रसायनशास्त्राच्या ८८६ पत्रांच्या २००७ मधल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांची पत्रं बरीचशी सारखी निघाली. ‘असामान्य’, ‘अद्वितीय’ अशी विशेषणं मात्र पुरुषांकडे जास्त गेली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो मदेरा आणि सहकाऱ्यांचा २००९ मधला अभ्यास. सर्वांना सांभाळून घेणारी, प्रेमळ, मदतीला धावणारी असं वर्णन स्त्रियांचं जास्त होतं. मग नावं आणि ‘तो-ती’ काढून टाकून ती पत्रं प्राध्यापकांना वाचायला दिली. ज्या पत्रांत असे गुण जास्त, त्या उमेदवाराला नोकरीसाठी पसंती कमी. म्हणजे मनापासून केलेलं कौतुकच नडतं.

आता सांगलीकडे या. परदेशी एमएसचे अर्ज भरायचे दिवस आले की इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘ड्राफ्ट करून आण, मी बघून सही करतो.’ सरांकडे वेळ नसतो, सीनियरची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. त्यातून मुलगी स्वतःच स्वतःला ‘सिन्सिअर’ आणि ‘हार्डवर्किंग’ लिहून मोकळी होते. आपलं आपण कौतुक करू नये हे घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते असं अर्जात उतरतं.

समजा, तिने तासगावच्या बेदाणा शेडमधली आर्द्रता मोजणारं यंत्र बनवलंय. मग सर्किट कोणी आखलं, मोजमापातली चूक कशी पकडली, द्राक्षं सुकायला लागणारा वेळ किती घटला, हे पत्रात यायला हवं. ‘टीमला खूप मदत केली’ या वाक्यातून त्यातलं काहीच कळत नाही.

पत्रासोबत अनेक विद्यापीठं एक तक्ताही देतात : हा विद्यार्थी वर्गातल्या वरच्या किती टक्क्यांत? तो सरांनी स्वतः भरायचा असतो. त्या वेळी आठवणीवर न जाता मार्कांचं रजिस्टर समोर घेतलेलं बरं.