तरतमभाव (इंग्रजी विशेषणांतील)

तरतमभाव : गुणाचे कमीअधिक प्रमाण दाखवण्यासाठी विशेषणाच्या रूपात किंवा वाक्याच्या रचनेत होणारा बदल. इंग्रजी व्याकरणात विशेषणाच्या तीन अवस्था मानतात : नुसता गुण सांगणारी मूलावस्था ('टॉल'), दोहोंमध्ये डावे-उजवे ठरवणारी उत्तरावस्था ('टॉलर') आणि अनेकांत एकाला वर काढणारी परमावस्था ('टॉलेस्ट'). मराठवाड्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत हा सारा भाग 'डिग्री' या एकाच नावाने चालतो, आणि परीक्षेत एका अवस्थेतील वाक्य दुसऱ्या अवस्थेत बदलून मागतात. 'तरतम' हा शब्द संस्कृतातील 'तर' व 'तम' या दोन प्रत्ययांच्या जोडणीतून आला आहे.

रूपसिद्धी : एकावयवी (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या, एकाच अवयवाच्या) विशेषणांना 'अर' व 'एस्ट' लागतात, लांब विशेषणांपूर्वी 'मोअर' व 'मोस्ट' येतात. दोन अवयवांच्या शब्दांत मात्र एकवाक्यता नाही. 'हॅपी', 'नॅरो', 'सिंपल' यांसारखे शब्द प्रत्यय घेतात, बाकीचे बहुधा घेत नाहीत, आणि काही दोन्हींकडे झुकतात. प्रत्यय लागताना अंत्य व्यंजनाचे द्वित्व ('बिग', 'हॉट') किंवा अंत्य 'वाय'चा 'आय' होणे हे लेखनाचे नियम आहेत. उच्चारावर त्यांचा परिणाम नाही.

प्रत्ययांचे मूळ : मराठी वाचकाला सर्वांत मोहात पाडणारे समीकरण म्हणजे संस्कृत 'तर' म्हणजेच इंग्रजी 'अर' आणि 'तम' म्हणजेच 'एस्ट'. अर्थाच्या दृष्टीने जोडी जुळते, व्युत्पत्तीच्या दृष्टीने जुळत नाही. संस्कृतात तुलनेच्या प्रत्ययांच्या दोन स्वतंत्र जोड्या आहेत. एक 'तर–तम', दुसरी 'ईयस्–इष्ठ'. पाणिनीने दोन्ही एकत्रच सांगितल्या : 'अतिशायने तमबिष्ठनौ' (५.३.५५) आणि 'द्विवचनविभज्योपपदे तरबीयसुनौ' (५.३.५७). इंग्रजी प्रत्ययांचे नाते यांतील दुसऱ्या जोडीशी आहे. 'ईयस्'चे सगोत्र (एकाच मुळातून आलेले) रूप जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी-जर्मन यांच्या भाषाशाखेत, 'इझ' व 'ओझ' असे होते. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतील 'बतिझा' (अधिक चांगला) या शब्दात त्यातला 'झ' अजून दिसतो. पुढे पश्चिमेकडील जर्मानिक भाषांत या 'झ'चा 'र' झाला आणि इंग्रजीच्या वाट्याला 'बेटर' आला. 'इष्ठ' आणि 'एस्ट' यांचे नाते तर उघड आहे. संस्कृत 'स्वादिष्ठ' व इंग्रजी 'स्वीटेस्ट' हे धातू आणि प्रत्यय दोन्ही अंगांनी एकाच मुळाचे शब्द आहेत. मराठीत रोजच्या वापरातले 'स्वादिष्ट' हे बहुधा त्याच 'स्वादिष्ठ'चे रूप. त्यातला 'सर्वांत' हा अर्थ विरून गेला आणि नुसता 'चवदार' उरला.

मग 'तर'चा इंग्रजीतील खरा भाऊबंद कोणता? तो विशेषणांच्या तक्त्यात सापडत नाही. 'अदर' आणि 'वेदर' (दोहोंपैकी कोण, या जुन्या अर्थाने) या शब्दांच्या शेवटी तो दडला आहे. दुसऱ्या शब्दाशी संस्कृत 'कतर' बरोब्बर जुळतो. 'तर'चे मूळ काम गुणाचे माप वाढवणे हे नसून दोन बाजू वेगळ्या पाडणे हे होते, असे मानायला यामुळे आधार मिळतो. 'उत्तर', 'अंतर' हे शब्दही त्याच बाजूने साक्ष देतात. दोन प्रत्ययांत काळाच्या ओघात कामाची सरमिसळ झाली, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

असाच दुसरा चकवा फार्सीचा. मराठवाडा दीर्घकाळ हैदराबाद संस्थानात होता, शासनव्यवहार आधी फार्सीत व मग उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय महाविद्यालय १९२३ चे, त्याच परंपरेतले. अशा भागात 'बेहतर' म्हणजेच 'बेटर' आणि 'बद' म्हणजेच 'बॅड' हे वर्गात सांगण्याचा मोह स्वाभाविक होता, आणि लक्षात ठेवायला ते सोयीचेही आहे. परंतु 'बेहतर'मधील 'तर' हा संस्कृत 'तर'चा सगोत्र, 'बेटर'मधील 'र' हा 'ईयस्'च्या घराण्यातला. दोघांचे धातूही वेगळे. 'बद' आणि 'बॅड' यांचे साम्य तर निव्वळ योगायोगाचे, असे भाषाभ्यासक एकमुखाने मानतात. सगोत्र नसलेल्या सारख्या शब्दांचे हे ठरलेले उदाहरण आहे. फार्सी 'तर' मराठीत 'बदतर', 'कमतर' यांत आणि जुन्या कागदपत्रांतील 'पेशतर' (पूर्वी) या शब्दामध्ये शिल्लक आहे. 'प्राण गेला तरी बेहत्तर' असे म्हणणाऱ्याला आपण उत्तरावस्था वापरतो आहोत याची गंधवार्ता नसते.

अनियमित रूपे : 'गुड–बेटर–बेस्ट' आणि 'बॅड–वर्स–वर्स्ट' यांत मूळ शब्द एक आणि पुढची रूपे दुसऱ्याच शब्दाची. संस्कृताच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. 'प्रशस्य'च्या जागी 'श्र' येऊन 'श्रेयस्–श्रेष्ठ' होते (५.३.६०), 'वृद्ध'च्या जागी 'ज्य' येऊन 'ज्येष्ठ' (५.३.६२), आणि 'युवन्' व 'अल्प' यांना विकल्पाने 'कन्' आदेश होऊन 'कनिष्ठ' (५.३.६४). अगदी रोजच्या वापरातील विशेषणांतच अशी रूपे टिकतात, हे दोन्ही भाषांत सारखे आहे.

काही इंग्रजी शब्द वरवर साधे दिसतात आणि आत दुहेरी असतात. 'निअर' हे मुळात 'नाय' (जवळचा) या शब्दाचे उत्तरावस्थेचे रूप आणि 'नेक्स्ट' हे परमावस्थेचे. म्हणजे आजचे 'निअरर' हे रूपावर चढवलेले रूप आहे. 'फोरमोस्ट'मधील 'मोस्ट'चा 'सर्वांत अधिक' या अर्थाच्या 'मोस्ट'शी मुळात संबंध नव्हता. आधीच परमावस्थेचा 'म' असलेल्या जुन्या शब्दाला आणखी 'एस्ट' लागला आणि पुढे लोकांनी शेवट 'मोस्ट' असा ऐकला. मराठीतील 'श्रेष्ठतम' आणि 'सर्वांत ज्येष्ठ' या रचना याच जातीच्या. त्यांना अशुद्ध म्हणायचे तर 'निअरर'लाही म्हणावे लागेल.

लॅटिनहून आलेले 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'प्रायर' हे शब्द लॅटिनमधील उत्तरावस्थेची रूपे आहेत. म्हणून त्यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येतो. मराठवाड्यात, आणि अर्थात उर्वरित महाराष्ट्रातही, 'ज्युनियर कॉलेज'ला कनिष्ठ महाविद्यालय व 'सीनियर'ला वरिष्ठ महाविद्यालय म्हणतात. लॅटिन उत्तरावस्थेला संस्कृत परमावस्था प्रतिशब्द म्हणून मिळाली आणि कोणाचेच अडले नाही, कारण दोन्ही भाषांतील प्रत्यय तोवर निष्प्राण झाले होते.

'मोअर–मोस्ट'ची रचना फ्रेंच व लॅटिनच्या प्रभावाने आली असे पूर्वी सर्रास लिहीत. तिचा प्रसार साधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकापासून दिसतो, हे या मताला पोषक आहे. तथापि प्राचीन इंग्रजीतही तिची तुरळक उदाहरणे असल्याने ती देशी असून परकीय प्रभावाने बळावली असावी, असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. 'मोअर' आणि 'अर' दोन्ही एकत्र वापरणे शेक्सपिअरच्या काळी शिष्टसंमत होते. रॉबर्ट लाउथ याच्या १७६२ च्या व्याकरणाने व त्याच्या अनुयायांनी त्यास दोष ठरवले. त्यातूनही 'लेसर' हे रूप निसटले व आज मान्य आहे.

मराठीतील रचना : मराठीत विशेषणाला तुलनेचा जिवंत प्रत्यय नाही. 'गोदावरी मांजरा नदीपेक्षा मोठी आहे' या वाक्यात 'मोठी' हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सारा भार 'पेक्षा'वर. म्हणून मराठी विशेषणाच्या तीन अवस्था मानणे हे संस्कृत व इंग्रजी व्याकरणांच्या साच्यातून आलेले वर्गीकरण होय. रूपाच्या दृष्टीने मराठीत अवस्था एकच, असे म्हणणाऱ्यांची बाजू वजनदार आहे. 'पेक्षा' हे संस्कृत 'अपेक्षा' या शब्दापासून आले याविषयी मतभेद नाही.

मतभेद आहे तो 'हून'विषयी ('त्याहून बरा'). एका मताप्रमाणे तो 'होणे' या क्रियापदाच्या 'होऊन' या रूपाचा संक्षेप. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचे मूळ प्राकृत पंचमीत आहे. प्राकृताचे व्याकरणकार वररुची व हेमचंद्र यांपैकी वररुचीने पंचमीच्या अनेकवचनाला 'हिंतो' व 'सुंतो' हे प्रत्यय दिले आहेत, हेमचंद्राने अपभ्रंशासाठी 'हुं' दिला आहे. जुन्या मराठीतील 'हूनि' हे रूप या 'हुं'ला 'नि' जोडून झाले असावे. पहिले मत कानाला पटते, पण विभक्तिप्रत्ययांच्या इतिहासाशी दुसरे अधिक सुसंगत आहे. शिवाय तुलनेत पंचमी येणे ही जुनीच रीत आहे. पाणिनीचे 'पञ्चमी विभक्ते' (२.३.४२) हे सूत्र तेच सांगते, लॅटिनमध्ये अपादानाची विभक्ती येई, आणि प्राचीन इंग्रजीतही 'दॅन'ऐवजी नुसती चतुर्थी चालत असे.

या वादाचा निकाल हस्तलिखितांवर अवलंबून आहे आणि तेथेच मराठवाड्याचा संबंध येतो. मुकुंदराजाचा विवेकसिंधु शके १११० चा (इ. स. ११८८) मानला, तर तो जुना पुरावा ठरतो. पण हा शक निर्विवाद नाही, रचनास्थळ अंबाजोगाई की विदर्भातील अंभोरा हाही वाद आहे, आणि उपलब्ध प्रतींची भाषा नक्कल करणाऱ्यांच्या हातून बरीच नवी झालेली दिसते. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांनी पैठण येथे शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेला पाठ याहून जुनी रूपे दाखवतो, मात्र त्या प्रतीच्या काळाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. महानुभावांचे गद्य सांकेतिक लिपीत बंदिस्त राहिल्याने त्यातील 'हूनि', 'पासौनि' ही रूपे तुलनेने विश्वासार्ह समजण्यास हरकत नाही. ज्ञानेश्वरीतील 'अमृतातेंही पैजासीं जिंके' या प्रसिद्ध ओवीत तर प्रत्यय नाही की 'पेक्षा' नाही. तुलना क्रियापदानेच साधली आहे.

परमावस्थेसाठी 'सर्वांत'खेरीज 'मोठ्यात मोठा', 'चांगल्यातला चांगला' अशी द्विरुक्त रचना आहे, आणि तिचा रंग अस्सल देशी आहे. 'थोरला–मधला–धाकटा' हे शब्द तुलना पोटातच घेऊन येतात. इंग्रजीतील 'एल्डर' त्यांना जवळचा. त्याच्यापुढेही 'दॅन' चालत नाही.

अध्यापन : मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, तोवर ते पाचवीपासून शिकवत. डिग्रीचा धडा मात्र माध्यमिक वर्गांत आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांतच खरा भरास येतो. फळ्यावर तीन रकाने आखले जातात. 'गोदावरी इज द लाँगेस्ट रिव्हर इन मराठवाडा' हे परमावस्थेचे वाक्य. त्याचे उत्तरावस्थेत 'लाँगर दॅन एनी अदर रिव्हर' आणि मूलावस्थेत 'नो अदर रिव्हर इज अ‍ॅज लाँग अ‍ॅज'. येथे 'अदर' गाळले की गोदावरी स्वतःपेक्षाही लांब ठरते. ही चूक फार होते, कारण मराठीत 'कोणत्याही नदीपेक्षा लांब' म्हटले तरी ऐकणारा 'दुसऱ्या' मनातल्या मनात घालून घेतो. 'जास्त उंच' डोक्यात असल्याने 'मोअर टॉलर' लिहिले जाते. 'माझ्यापेक्षा'मध्ये सामान्यरूप असल्याने 'दॅन मी' सहज येते आणि 'दॅन आय' घोकावे लागते. यांतील दुसरे शुद्ध व पहिले अशुद्ध, हा आग्रह 'दॅन'ला उभयान्वयी अव्यय मानण्यातून येतो. शब्दयोगी मानल्यास 'दॅन मी'ला बाध नाही, आणि इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराचा कौल त्याच बाजूने आहे.

'वन ऑफ द' हे प्रकरण स्वतंत्र. 'जायकवाडी हे आशियातील सर्वांत मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक' हे वाक्य या भागात लहानपणापासून कानावर पडते. इंग्रजी करताना 'डॅम' एकवचनी ठेवण्याची चूक त्यातच होते, मराठीत 'धरणांपैकी' असे अनेकवचन डोळ्यांसमोर असूनही. मुळात ही मराठी रचनाच इंग्रजीची सावली आहे. 'मोठ्या धरणांत याची गणना होते' एवढ्याने पूर्वी काम भागत असे.

बोलीतील रूपे : ग्रामीण मराठवाड्यात, तसेच देशावरच्या इतर बोलींत, 'पेक्षा'च्या जागी 'परीस' ऐकू येतो ('त्याच्यापरीस ह्यो बरा'), 'सर्वांत'ला 'समद्यात', आणि आधिक्यासाठी 'लई'. छत्रपती संभाजीनगर परिसरातील दखनीत (उर्दूच्या दक्षिणी बोलीत) तुलना 'से' लावून होते. शिक्षितांच्या बोलण्यात 'परीस' मागे पडत चालला आहे. 'तम' प्रत्यय शाळेत आज ठळकपणे भेटतो तो भाषेच्या तासाला नव्हे, गणिताच्या तासाला : लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक, म्हणजे लसावि आणि मसावि.