देशी तांबडा भोपळा (परसातला)

घरच्या बियाण्यावर परड्यात घेतली जाणारी वेलवर्गीय फळभाजी. इतरत्र तिला लाल भोपळा, डांगर, काशीफळ किंवा गंगाफळ म्हणतात. कोहळा आणि दुधी एकाच कुलातले असले तरी निराळे. पीक मूळचे अमेरिका खंडातले. तरीही बैलाच्या कष्टाचे काही न घालता करायच्या ऋषिपंचमीच्या भाजीत त्याने हक्काची जागा मिळवली आहे, कारण त्याला नांगर लागत नाही. कुदळीने खणलेले एक आळे पुरते.

भारतात परसात दिसणारे बहुतेक वाण कुकुर्बिटा मोस्काटा या प्रजातीचे आहेत. ओळख देठावरून पटते: देठ टणक, पाच कंगोऱ्यांचा, आणि फळाला चिकटतो तिथे पसरट झालेला. पानांवर पांढुरके ठिपके असतात. कुकुर्बिटा मॅक्झिमाचा देठ मात्र गोल, जाड आणि बुचासारखा मऊ.

लागवड. कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. गगनबावडा, राधानगरी भागात जुलैच्या धारेत सपाटीवरचा वेल मुळाशी कुजतो, म्हणून तिथे आळे न करता वीतभर उंच मातीचा ढीग करून त्यावर बी टोकावे. शिरोळकडच्या काळ्या जमिनीत पाऊस कमी, पण पाणी निचरत नाही. तिथेही उंचवटाच बरा. एरवी दीड फूट रुंद, तेवढेच खोल आळे खणून त्यात दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळतात. दर आळ्यात 3-4 बिया इंचभर खोल टोकून पुढे दोनच रोपे ठेवावीत. दोन आळ्यांत 8 फूट अंतर हवे. जूनमध्ये किंवा, पाण्याची सोय असल्यास, जानेवारी-फेब्रुवारीत बी लावतात. उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला वेल हिरवागार माजतो आणि फळ धरत नाही. तिथे नत्र जास्त होते.

फळे जमिनीला टेकली की खालून सडतात. उसाचे पाचट इकडे मुबलक मिळते. त्याचा चार बोटे जाड थर फळाखाली द्यावा.

फूल आणि फळधारणा. सर्वाधिक नुकसान इथेच होते. साधारण दीड महिन्याने फुले येतात आणि पहिली सगळी नर असतात. ती गळली म्हणून घाबरू नये. मादी फुलाखाली सुपारीएवढा इवला भोपळा दिसतो. फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरकत नाहीत, पराग भिजतो आणि इवले फळ पिवळे पडून गळते. लोक खत वाढवतात. खरी उणीव परागाची असते. उघाडीच्या सकाळी नऊच्या आत ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागदांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावा. फवारणी करायची झाली तर संध्याकाळीच.

पिवळे पडलेले फळ कापल्यावर आत अळी निघाली, तर ते फळमाशीचे काम. परागण झाल्यावर फळाभोवती पंधरा दिवस कापडी पिशवी बांधावी आणि किडकी फळे हातभर खोल पुरावीत. कोवळ्या रोपाची पाने खाणारे लाल भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत.

फळधारणेनंतर 40-45 दिवसांनी देठ लाकडासारखा होतो, सालीत नख रुतत नाही. दोन इंच देठ ठेवून कापावे. देठ मोडलेला भोपळा टिकत नाही, तो आधी खावा. बाकीचे कोरड्या, वारा खेळत्या जागी, एकमेकांना न टेकता ठेवल्यास तीन-चार महिने राहतात.

स्वयंपाक. भाजीसाठी अर्धा किलो भोपळा सालीसकट इंचभर फोडी करून घ्यावा; साल असली की फोड मोडत नाही. तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, मग फोडी आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी. आत पाणी घालू नये. झाकणाच्या ताटावर पाणी ठेवून मंद आचेवर 10-12 मिनिटे शिजवावे. चिंच आणि गूळ शेवटी, कारण आंबटामुळे फोडी कडक राहतात.

घारग्यांसाठी दोन वाट्या कीस आणि एक वाटी कोल्हापुरी गूळ एकत्र शिजवून पाणी आटवावे. निवल्यावर मीठ, वेलदोडा, दोन चमचे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या. पाणी अजिबात नको. मळून ठेवलेले पीठ गुळामुळे सैल होते, म्हणून घारगे लगेच थापून तेलात तळावेत. मोठ्या आचेवर गूळ करपून बाहेर काळे, आत कच्चे राहतात.

नर फुलांची भजीही करतात. परागदांडा काढून टाकावा आणि परागणापुरती फुले वेलावरच ठेवावीत.

बियाणे. जुना वाण खरा टिकतो तो विळीपाशी. गर दाट, केशरी आणि गोड निघाला, तर त्याच फळाच्या बिया राखायच्या. मात्र शेजारच्या परड्यात दुसरा भोपळा असेल तर मधमाश्या संकर करतात; त्या फळाची चव बिघडत नाही, पुढच्या पिढीत रूप बदलते. म्हणून उद्या उमलणाऱ्या, टोकाशी पिवळसर झालेल्या नर व मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी हाताने परागण करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि देठाला चिंधीची खूण करावी. पिकलेले फळ तोडून महिनाभर ठेवले की बी भरते. बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात. वाकवल्यावर कट्‌ दिशी मोडल्या म्हणजे वाळल्या. मग राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत भराव्यात. चवीला कडू निघालेला भोपळा खाऊ नये, आणि त्याचे बीही ठेवू नये.