यादीत नाव नाही? आधार दाखवून मत देता येत नाही हो!

निवडणूक आली की घोडबंदरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतो, की यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम 49ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा, आणि 14 टक्के टेंडर व्होट पडले की फेरमतदान. सगळं खोटं आहे.

49ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, मेसेज बनवणाऱ्याने उघडूनही बघितला नसावा! चॅलेंज करतो तो उमेदवाराचा एजंट, समोरचा माणूस तोतया वाटला तर 2 रुपये भरून.

टेंडर व्होट मात्र खरा असतो, तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत टाकून गेलं असेल तर. तेव्हा मशीन नाही, कागदी मतपत्रिका मिळते, तुम्ही शिक्का मारता, ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरतच नाहीत. 14 टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

कळव्याहून घोडबंदरला आलात तर फॉर्म 8 भरा, पहिल्यांदाच नाव घालायचं तर फॉर्म 6. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही, मग बूथवर कितीही भांडा.