नेब्रास्काला फुलबॅक अजून का आठवतो

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये आज बहुतेक संघ मैदानभर पांगून खेळतात आणि चेंडू हवेतून पुढे नेतात. नेब्रास्का राज्यातले जुने प्रेक्षक मात्र अजून फुलबॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन थेट मधून घुसणाऱ्या दणकट धावपटूसाठी, हळहळतात. ही हळहळ कुठून आली, ते टॉम ऑसबॉर्न यांच्या काळात सापडतं.

ऑसबॉर्न 1973 ते 1997 नेब्रास्का विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाच्या धावत्या आक्रमणाने त्यांना ओळीने हरवलं. पहिला विजय मिळाला 1978 मध्ये. पुढे त्यांनीही धावणारा क्वार्टरबॅक (दर डावात चेंडू ज्याच्या हाती आधी येतो तो खेळाडू) आणि ‘ऑप्शन’ हाच पाया धरला. क्वार्टरबॅक कडेकडेने पळतो. बचावपटू अंगावर आला तर चेंडू सोबतच्या धावपटूकडे टाकायचा, नाही आला तर स्वतःच घुसायचं.

त्या राज्याला हा खेळ मानवला, असं मला ठामपणे वाटतं. लोकसंख्या कमी, शेती मोठी. टेक्सास-फ्लोरिडासारखे वेगवान रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) घरच्या घरी मिळणं कठीण. दणकट, चिवट मुलं मात्र होती. त्यातली कित्येक शिष्यवृत्तीशिवाय संघात यायची. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. ताकदीचे प्रशिक्षक बॉयड एप्ली 1969 पासून त्यांच्याकडून वजनं उचलून घेत. समोरच्याला उताणा पाडलं की तो ‘पॅनकेक’, आणि लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या रांगेत वाट करून देणाऱ्या खेळाडूच्या, नावावर त्याची नोंद व्हायची.

1 जानेवारी 1995 च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात या मेहनतीचं चीज झालं. चौथ्या सत्रात मायामी 17-9 ने पुढे होता, पण त्याचे बचावपटू दमले होते. नेब्रास्काने ‘ट्रॅप’ काढला: एका बचावपटूला मुद्दाम मोकळं आत येऊ द्यायचं, बाजूने आलेल्या गार्डने (एका लाइनमनने) त्याला उडवायचं आणि त्या फटीतून फुलबॅक पळवायचा. डंकन या छोट्या गावच्या कोरी श्लेसिंगरने असे दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू विरोधकांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला, एक 15 यार्डांचा, दुसरा 14 यार्डांचा. 24-17. ऑसबॉर्न यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

वर्षभराने फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाचा 62-24 असा फडशा पडला. नेब्रास्काने नुसतं धावून 524 यार्ड काढले. टॉमी फ्रेझिअरची 75 यार्डांची धाव पाहावी: पकडीतून अंग सोडवत मध्यरेषा गाठणाऱ्या कबड्डीच्या चढाईपटूसारखा तो एकेकाच्या हातून निसटतो.

मग ऑसबॉर्न निवृत्त झाले. त्यांचे वारसदार फ्रँक सोलिच स्वतः नेब्रास्काचेच जुने फुलबॅक. 2003 मध्ये 9 विजय, 3 पराभव असूनही त्यांना काढलं. नव्या प्रशिक्षकाने पासिंगचा खेळ आणला आणि 2004 मध्ये संघ 5 विजय, 6 पराभवांवर घसरला. 1961 नंतर पहिल्यांदाच हंगामात पराभव जास्त झाले. सोलिच यांच्यावर अन्याय झाला, असं माझं मत आहे. 2018 मध्ये 1997 चा विजेता क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा जुने दिवस परततील अशी लोकांना आशा होती. 2022 मध्ये त्यालाही जावं लागलं.

ताकदीचा खेळ मात्र संपलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये मिशिगनने पेन स्टेटविरुद्ध शेवटचे सलग 32 डाव धावूनच खेळले, आणि त्या हंगामाचं विजेतेपदही पटकावलं. नेब्रास्काची अडचण वेगळी आहे. 2022 च्या नियमाने कमरेखालचे बहुतेक ब्लॉक (चेंडूवाल्याला वाट करून देण्यासाठी विरोधकाला दिलेले धक्के) बंद केले, म्हणजे ऑप्शनचं एक हत्यार गेलं. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर संघाला 105 खेळाडूंची मर्यादा आली. गावागावांतून येणाऱ्या वॉक-ऑन मुलांसाठी आता जागाच थोड्या उरल्या आहेत.